संकेतस्थळासाठी सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालय, पतसंस्था, दिवाळी अंक, शाळा किंवा छोटा व्यवसाय यांचे संकेतस्थळ सांभाळणारी व्यक्ती जेव्हा शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक संकेतस्थळांसोबत एकाच सर्व्हरवर वाटून घेतलेली जागा, सोडून पहिल्यांदाच स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घेते, तेव्हा होस्टिंग कंपनीच्या पानावर तिच्यासमोर एक यादी उघडते. उबुंटू, डेबियन, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स, विंडोज सर्व्हर अशी नावे आणि त्यांच्यापुढे आवृत्तीचे आकडे त्या यादीत असतात, आणि त्यांतले एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याच टप्प्यावर अडलेल्या लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न येथे घेतले आहेत.

शेअर्ड होस्टिंगवर असताना हा विचार करावा लागतो का?

नाही. तेथे ऑपरेटिंग सिस्टिम कंपनी निवडते आणि तिची देखभालही कंपनीच करते. आपण फक्त पीएचपीची आवृत्ती कोणती मिळते आणि बॅकअप किती दिवसांचा ठेवला जातो, एवढे विचारावे. महिन्याला काही हजार वाचक असलेल्या आणि वर्षातून चार वेळा बदलणाऱ्या संकेतस्थळाला स्वतंत्र सर्व्हरची गरज बहुधा नसते, आणि तो सांभाळणारे कोणी नसेल तर तो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिनक्स की विंडोज सर्व्हर, हे आधी कसे ठरवावे?

संकेतस्थळ कशात लिहिले आहे ते पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तेथेच मिळते. वर्डप्रेस, जूमला, मूडल किंवा पीएचपीत लिहिलेले कोणतेही काम असेल, तर लिनक्स घ्यावे. पायथॉन आणि नोड यांनाही हेच लागू आहे. याउलट एखाद्या पतसंस्थेचे किंवा महाविद्यालयाचे जुने काम एएसपी डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये केलेले असेल आणि पत्त्यांच्या शेवटी एएसपीएक्स दिसत असेल, तर ते विंडोजवर आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्येच ठेवणे शहाणपणाचे आहे. डॉट नेटची नवी शाखा २०१६ पासून आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर चालतात हे खरे. पण जुने काम नव्या शाखेवर नेणे म्हणजे पुष्कळदा ते नव्याने लिहिणेच असते.

खर्चाची बाजूही पाहावी. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या गाभ्यांवर (कोअर) मोजला जातो आणि स्वतःच्या यंत्रासाठी किमान १६ गाभ्यांचा परवाना घ्यावाच लागतो. भाड्याच्या सर्व्हरवर ही रक्कम मासिक भाड्यात मिसळलेली असते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही इतकेच. शिवाय खिडक्या आणि माऊस असलेली विंडोज सर्व्हरची मांडणी व्यवहारात ४ जीबी मेमरीखाली सुखाने चालत नाही, तर लिनक्सवरचे छोटे वर्डप्रेस १ किंवा २ जीबीत चालते.

“आमच्या कार्यालयात फक्त विंडोज येते” हे कारण मी हलके मानत नाही, कारण जी यंत्रणा कोणालाच उघडता येत नाही तिची देखभालही होत नाही. मात्र रिमोट डेस्कटॉपचे दार संपूर्ण इंटरनेटसाठी उघडे ठेवून विंडोज सर्व्हर चालवणे हे फार मोठे संकट ओढवून घेणे आहे. विंडोज घेतलेच, तर ते दार ठरावीक पत्त्यांपुरते किंवा व्हीपीएनच्या आतच ठेवावे.

लिनक्समध्ये इतकी नावे का आहेत आणि त्यांत खरा फरक कोणता?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मध्यवर्ती भाग, या सर्वांमध्ये आहे. त्याभोवती कोणती पॅकेजे बांधायची, ती कोणी तपासायची आणि त्यांची दुरुस्ती किती वर्षे करत राहायचे, याची जबाबदारी जो घेतो त्याचे नाव त्या वितरणाला मिळते. होस्टिंगपुरता विचार केला तर दोन घराणी पुरेशी आहेत. एक डेबियनचे, जे १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे आणि ज्यातून २००४ मध्ये उबुंटू निघाले. दुसरे रेड हॅट या कंपनीचे, ज्यात अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स येतात.

रोजच्या कामात हा फरक फार साध्या जागी भेटतो. डेबियन घराण्यात पॅकेज एपीटीने बसवतात, रेड हॅट घराण्यात डीएनएफने. अपाचे वेब सर्व्हरचे फोल्डर एकीकडे ‘अपाचे२’ या नावाने आणि दुसरीकडे ‘एचटीटीपीडी’ या नावाने असते. तो ज्या खात्याने चालतो त्याचे नाव एकीकडे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, तर दुसरीकडे ‘अपाचे’. त्यामुळे एका घराण्यासाठी लिहिलेली कृती दुसऱ्या घराण्याच्या सर्व्हरवर जशीच्या तशी उतरवली, की तिसऱ्या-चौथ्या ओळीवर गाडी अडते, आणि नवशिक्याला वाटते की आपलेच काही चुकले. वेगाच्या बाबतीत मात्र या दोन घराण्यांत वाचकाला जाणवेल असा फरक नाही. वेग ठरतो तो कॅशिंग, डेटाबेस आणि चित्रांच्या आकारावर.

तर मग निवडीचा पहिला निकष कोणता धरावा?

सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि ते लावायला कोण बसणार, हे दोन प्रश्न आधी. बाकी सारे त्यांच्यानंतर.

प्रत्येक आवृत्तीला सपोर्ट संपण्याची तारीख असते. ती उलटली तरी सर्व्हर बंद पडत नाही, संकेतस्थळही उघडत राहते. फक्त नव्याने सापडलेली भोके बुजवायला कोणी उरत नाही. काही बिघडलेले दिसत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही, आणि म्हणूनच ही अवस्था धोक्याची आहे. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन सपोर्ट मिळतो. १० जून २०२३ रोजी आलेले डेबियन १२ अशा रीतीने २०२८ च्या जूनपर्यंत चालेल आणि ऑगस्ट २०२५ मधले डेबियन १३ त्यानंतर दोन वर्षे. उबुंटूची दीर्घ सपोर्टची, म्हणजे एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे मिळतात, २४.०४ साठी ही मुदत २०२९ पर्यंत आहे. उबुंटू प्रोमध्ये हा काळ आणखी वाढतो आणि वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ते विनामूल्य आहे. अल्मालिनक्स ९ आणि रॉकी ९ यांना २०३२ च्या मेपर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. विंडोज सर्व्हर २०२२ ची विस्तारित मुदत ऑक्टोबर २०३१ मध्ये संपते.

उबुंटूच्या ज्या आवृत्त्या एलटीएस नाहीत, त्यांना फक्त नऊ महिने मिळतात. यादीत आकडा मोठा दिसतो म्हणून त्या निवडल्या जातात आणि वर्ष संपण्याच्या आत सर्व्हर उघड्यावर पडतो. संकेतस्थळासाठी त्या घेऊ नयेत.

जाहीर केलेली तारीखही बदलू शकते, हे रेड हॅट घराण्यातल्या सेंटओएस या विनामूल्य वितरणाने दाखवून दिले. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असे सांगितलेले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणल्याचे जाहीर झाले. ज्यांनी नऊ वर्षांच्या हिशेबाने सर्व्हर उभे केले होते, त्यांच्या हाती एक वर्ष आणि काही दिवस उरले. यातूनच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले; रॉकीची सुरुवात सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी केली. म्हणून मी तारखेबरोबर एवढेही पाहतो की निर्णय एका कंपनीच्या हातात आहे की विखुरलेल्या समुदायाच्या. डेबियनचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

आमचे संकेतस्थळ अजून सेंटओएस ७ वर आहे. काय करावे?

त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ रोजी संपला आहे, तेव्हा हलवणे लांबवू नये. आहे त्याच सर्व्हरवर मोठी उडी मारण्यापेक्षा शेजारी नवा सर्व्हर घ्यावा, त्यावर संकेतस्थळाची प्रत उभी करून आठवडाभर तपासावी आणि मग डोमेनचा पत्ता वळवावा. वळवण्याच्या एक-दोन दिवस आधी डीएनएस नोंदीचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरत्र किती काळ लक्षात ठेवला जातो तो आकडा, ३०० सेकंदांवर आणून ठेवला, तर बदल पाच-दहा मिनिटांत पसरतो आणि काही चुकल्यास तितक्याच वेळात मागेही येता येते. जुना सर्व्हर त्यानंतर किमान पंधरा दिवस बंद करू नये. कोठेतरी एखादा विसरलेला अर्ज किंवा मेलपेटी त्यावर असतेच.

डेबियनमधली सॉफ्टवेअरे जुन्या आवृत्तीची दिसतात. ती असुरक्षित नाहीत का?

नाहीत, आणि हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही पक्का बसलेला आहे. स्थिर वितरणांत सॉफ्टवेअरची आवृत्ती गोठवलेली असते, पण सुरक्षेची दुरुस्ती त्या जुन्या आवृत्तीत आणून बसवली जाते. त्यामुळे मुख्य आकडा तोच राहतो आणि त्यामागचे ‘डेब१२यू३’ सारखे शेपूट तेवढे वाढते. सुरक्षा तपासणीचे अहवाल अनेकदा केवळ मुख्य आकडा वाचून “जुनी आवृत्ती” असा शेरा मारतात. अशा वेळी घाईने बाहेरून नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी वितरणाच्या सुरक्षा नोंदीत ती त्रुटी दुरुस्त झालेली आहे का, ते पाहून तपासणीकाराला लेखी कळवावे.

नव्याचा हव्यास सर्व्हरवर किती महाग पडू शकतो याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या पॅकेजचे. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने त्यात मुद्दाम पेरलेले चोरदार उघडकीस आणले. एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे आत जाण्याच्या सोयीने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून ते त्याच्या मुळाशी गेले होते. बाधित आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१ या होत्या. त्या डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या. डेबियन स्थिर, उबुंटू एलटीएस किंवा रेड हॅटच्या चालू आवृत्त्यांत त्या आलेल्या नव्हत्या.

सर्व्हर १ जीबी मेमरीचा आहे. कोणती सिस्टिम हलकी पडेल?

डेबियनची किमान मांडणी सर्वांत सुटसुटीत. डेस्कटॉप मुळीच बसवू नये आणि १ ते २ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा, जरूर करावी. ती नसेल तर गर्दीच्या वेळी मेमरी संपते, कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रक्रिया मारतो, ती बहुधा डेटाबेसचीच असते, आणि वाचकाला “डेटाबेसशी संपर्क होत नाही” एवढेच दिसते.

मराठी संकेतस्थळासाठी वेगळे काही पाहावे लागते का?

होय, आणि याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट फाइलींच्या नावांची. लिनक्समध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे असतात. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण साठवताना त्यात दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट असतात. त्यामुळे फाइलीचे नाव ८५ चिन्हांपुढे जाऊ शकत नाही. विंडोजची मर्यादा बाइटांवर नसून २५५ चिन्हांवर असल्याने, तेथे सुखाने नांदलेली “वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त…” अशी लांबलचक नावे लिनक्सवर नेताना अडकतात. हलवण्याआधी ती छोटी करून घ्यावीत.

त्याच प्रवासात रोमन नावांचेही एक दुखणे निघते. विंडोज नावातील लहान आणि मोठी लिपी एकच मानते, लिनक्स मानत नाही. म्हणून पानात एका पद्धतीने आणि डिस्कवर दुसऱ्या पद्धतीने नाव लिहिलेली चित्रे नव्या सर्व्हरवर गायब होतात.

दुसरी गोष्ट फॉन्टची. वाचकाच्या पडद्यावर मराठी दिसण्यासाठी सर्व्हरवर फॉन्ट लागत नाही, पण पावती, प्रमाणपत्र किंवा अंकाची पीडीएफ सर्व्हरवरच तयार होत असेल, तर लागतो. नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बहुधा नसतोच, आणि सभासदाच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकटी छापल्या जातात. लोहित किंवा नोटो देवनागरी हे फॉन्ट दोन्ही घराण्यांच्या भांडारांत आहेत. फॉन्ट बसवूनही ‘र्थी’मधला रफार सुटा पडत असेल किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल, तर दोष फॉन्टचा नाही; पीडीएफ बनवणारी लायब्ररी जोडाक्षरे जुळवत नाही, असे समजावे.

डेटाबेसमध्ये यूटीएफ८एमबी४ हीच मांडणी ठेवावी. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटांच्या मांडणीत देवनागरी मावते, म्हणून वर्षानुवर्षे काही जाणवत नाही, आणि एक दिवस वाचकाच्या अभिप्रायात चार बाइटांचे इमोजी आले की नोंद अर्धवट तुटते किंवा नाकारली जाते.

आणि वेळ. भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसी या जागतिक वेळेवर असतात. मध्यरात्री बारा वाजता चालावे म्हणून लावलेले काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालते आणि दिनविशेष तोपर्यंत कालचाच राहतो. सर्व्हरचा टाइमझोन ‘एशिया-कोलकाता’ करावा, किंवा ते काम यूटीसीच्या १८.३० ला लावावे.

अल्मा किंवा रॉकी घेतले, तर एसईलिनक्स बंद करावे असे सर्वत्र सांगतात. करावे का?

करू नये. एसईलिनक्स ही कोणत्या प्रक्रियेने कोणत्या फाइली वाचाव्यात हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था आहे. ‘बंद करा’ हा सल्ला का पसरला, ते मात्र मला स्वानुभवाने ठाऊक आहे. एका संस्थेचे संकेतस्थळ मी स्वतःच्या खात्याच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतले आणि तेथून ‘एमव्ही’ आज्ञेने वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवले. मालकी बरोबर, परवानग्या बरोबर, तरीही प्रत्येक पानावर ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’. अर्धी रात्र मी अपाचेच्या मांडणीत शोधत बसलो. शेवटी ‘एलएस’ला मोठा झेड जोडून यादी काढली, तेव्हा दिसले की त्या फाइलींवर अजून घरच्या फोल्डरचीच खूणचिठ्ठी लागलेली आहे; ‘एमव्ही’ने फाइल हलते, पण चिठ्ठी जुनीच राहते, आणि एसईलिनक्स वेब सर्व्हरला घरातल्या फाइली वाचू देत नाही. ‘रिस्टोअरकॉन’ ही एक आज्ञा चालवताच सर्व पाने उघडली. एसईलिनक्स आपले काम चोख करत होते. एखाद्या प्लगिनमधून घुसलेल्या माणसाला सर्व्हरच्या इतर खोल्यांत फिरू न देणारी हीच भिंत आहे, म्हणून असे अडले की आधी ऑडिटची नोंदवही वाचावी.

कंट्रोल पॅनेल हवे असेल तर?

मग आधी पॅनेल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचे साधन, ठरवावे. सीपॅनेल अल्मालिनक्स, रॉकी आणि उबुंटू एलटीएसवर चालते, डेबियनवर नाही.

फ्रीबीएसडीचा विचार करावा का?

लिनक्सहून वेगळी अशी ही व्यवस्था उत्तम आहे. नेटफ्लिक्सचे चित्रपट पोहोचवणारे सर्व्हर तिच्यावर चालतात आणि तिची जेल ही विलगीकरणाची सोय २००० सालापासूनची आहे. परंतु आपल्या गावात अडीअडचणीला धावून येईल असा जाणकार मिळणे कठीण, म्हणून स्वतःला शिकायची आवड असेल तरच घ्यावी.

भारतातील नियमांचा या निवडीशी काही संबंध आहे का?

निवडीशी थेट नाही, पण मांडणीशी नक्की आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवायची आहेत. येथे ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ मांडणी आड येते. डेबियन आणि उबुंटूवर अपाचेच्या नोंदी रोज फिरवल्या जातात, म्हणजे नव्या फाइलीत सुरू होतात, आणि जुन्या फक्त १४ ठेवल्या जातात, म्हणजे दोनच आठवडे. रेड हॅट घराण्यात आठवड्याला एक अशा चार, म्हणजे महिनाभर. नोंदी फिरवणाऱ्या लॉगरोटेट या साधनाच्या फाइलीत हा आकडा पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावा आणि त्या हिशेबाने डिस्कही मोठी घ्यावी.

सर्व्हर हातात आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

पासवर्डाऐवजी एसएसएच किल्लीने लॉगिन सुरू करावे. सार्वजनिक पत्ता मिळालेल्या सर्व्हरच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी अनोळखी ठिकाणांहून रूट, ॲडमिन अशा नावांनी केलेले लॉगिनचे शेकडो प्रयत्न दिसू लागतात. ते पाहून घाबरू नये, पण पासवर्डाचे दार बंद करावे. ते बंद करण्याआधी चालू खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाता येते का, ते पाहावे, नाहीतर आपणच बाहेर राहतो. त्यानंतर फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ एवढीच पोर्टे उघडी ठेवावीत आणि सुरक्षा अपडेट आपोआप लागतील अशी सोय करावी. डेबियन आणि उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, तर रेड हॅट घराण्यात डीएनएफ-ऑटोमॅटिक. बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेत असावा आणि तो एकदा तरी उलगडून पाहिलेला असावा.

तुम्ही स्वतः काय निवडता?

पीएचपीवरचे साधे संकेतस्थळ असेल तर डेबियन स्थिर. सांभाळणारी व्यक्ती नवी असेल तर उबुंटू एलटीएस, कारण तिला पडणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न आधी कोणीतरी विचारलेला आणि सोडवलेला असतो. सीपॅनेल हवे असेल किंवा सात-आठ वर्षे मोठा बदल नको असेल तर अल्मालिनक्स. पण संस्थेला ज्याची मदत मिळणार आहे तो स्थानिक माणूस रॉकीवर काम करणारा असेल, तर मी माझी आवड बाजूला ठेवून रॉकीच सुचवतो.

एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जागेवरच जाता येते का?

डेबियनमध्ये येते, आणि ते काम तेथे फार काळजीने बांधलेले आहे. फक्त मधली आवृत्ती गाळता येत नाही, ११ वरून १२ आणि मग १३ असेच जावे लागते. उबुंटूची एक एलटीएस पुढच्या एलटीएसवर नेता येते, मात्र नव्या आवृत्तीची पहिली दुरुस्त प्रत येईपर्यंत ती वाट उघडत नाही, आणि थांबावे लागते हे बरेच आहे. अल्मासाठी एलिव्हेट नावाचे साधन आहे, तरी रेड हॅट घराण्यात मी शेजारी नवा सर्व्हर उभारणेच पसंत करतो. कोणत्याही वाटेने गेलात तरी पीएचपीची आवृत्ती सोबत बदलते, आणि जुन्या थीम व प्लगिन तेथेच कोसळतात. म्हणून उडी मारण्याआधी सर्व्हरचा संपूर्ण स्नॅपशॉट घ्यावा, त्यावरून दुसरे यंत्र उभे करून तेथे रंगीत तालीम करावी आणि खरे काम महिन्याच्या हप्त्यांची किंवा प्रवेशअर्जांची गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी सुरू करावे, रात्री नव्हे.